पाय टेकव

"पप्पा, लाल! पाय टेकव!"

चार वर्षांची ॲनिशा पेट्रोलच्या टाकीवर बसून ओरडायची, आणि आग्नेल मोटारसायकल थांबवून डावा पाय रस्त्यावर टेकवायचा. गिरीजच्या वाडीतून केळीची पानं बाजारात न्यायची, तेव्हा लेकीला हेच काम दिलेलं होतं. रंग ओळखायचा नि सांगायचा. हिरवा झाला की ती टाळी वाजवायची. मागचे हॉर्न मारून दमायचे, पण टाळी वाजल्याशिवाय आग्नेल हलायचा नाही.

त्या टाळीला चोवीस वर्षं झाली. टाळी वाजवणारीला मातीत ठेवून एक.

आज चर्चमध्ये तिच्या वर्षाचा मिस्सा होता, तिच्यासाठीची प्रार्थना. आग्नेलच्या मागे हेलन बसली होती. मांडीवर परडी, परडीत सोनचाफा. चाफा ॲनिशानेच लावलेला. ती गेली त्या वर्षी पहिल्यांदा फुलला.

पहिल्या सिग्नलला लाल होता. आग्नेलने गाडी तशीच काढली. आडवी आलेली रिक्षा करकचून थांबली, रिक्षावाल्याने आईवरून शिवी हासडली. हेलनने डोळे मिटून 'नमो मरिये' पुटपुटलं. वर्षभर हेच चाललं होतं. जितके सिग्नल, तितक्या नमो मरिया.

"पोरीनं सिग्नल तोडला, गेली," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "तुम्हाला पण तिथंच जायचंय? मग मला कशाला मागं बसवता?"

आग्नेलने पुढचा गिअर टाकला.

गावात प्रत्येकाकडे सिग्नल तोडायचं कारण होतं. कुणाला कामावर लेटमार्क लागतो, कुणी म्हणतो कॅमेरा बंदच असतो, कुणी म्हणतो सगळे जातात, मी एकटाच येडा काय? ॲनिशाचं कारणही गावानेच ठरवून टाकलं होतं. नर्स होती, ड्युटीची घाई. मागून उडवणाऱ्या टँकरवाल्यानेही पोलिसांना तसंच सांगितलं: पोरगी लाल असताना मध्ये घुसली. टँकरने स्कूटर चौकाच्या मध्यापर्यंत फरफटत नेली होती. कोण कुठे उभं होतं, ते रस्त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ते एकट्या आग्नेलला ठाऊक होतं. तिच्या मागे तोच बसला होता. उडून दुभाजकावर पडला, गळ्याखालचं हाड मोडलं, जगला. हवालदाराने खाटेशी येऊन विचारलं, "काका, पोरीनं सिग्नल तोडला ना?" आग्नेलने भिंतीकडे तोंड फिरवलं. हवालदाराने लिहून घेतलं.

तेव्हापासून हेलन कबरीवर फुलं ठेवायची, पण रडायची नाही. भांडल्यासारखं विचारायची, "एवढी कसली घाई होती गं तुला?"

पापडीच्या अलीकडच्या सिग्नलला पुन्हा लाल लागला. या वेळी मात्र वाट अडलेली होती. डावीकडे बस, उजवीकडे दुभाजक, आणि पुढे एका मुलीची स्कूटर. पांढऱ्या रेषेच्या आत, एक पाय टेकवलेला.

आग्नेलने आरशात पाहिलं. मागून पाण्याचा टँकर येत होता. हिंदकळत, झाकणातून पाणी सांडत. आरशात तो वाढत गेला.

"ए बाय! पुढं हो!"

मुलीने मान वळवली. "काका, लाल आहे."

"निघ म्हणतो ना! निघ!"

"दिसत नाही का तुम्हाला? रेड आहे, रेड!"

आग्नेलने गिअर टाकला आणि पुढचं चाक तिच्या स्कूटरवर घातलं. एकदा. पुन्हा. दुसऱ्या धक्क्याला स्कूटर चौकात गेली. आडव्या रिक्षाने तिला कोपऱ्याने झोडपलं. मुलगी दोन कोलांट्या खाऊन पडली, कोपराची कातडी डांबरावर राहिली. आग्नेलची गाडीही कलंडली. हेलन गुडघ्यांवर आपटली, चाफा रस्ताभर झाला.

आणि टँकर चार हात मागे, अलगद, थांबला होता.

मग माणसं आली. पहिलं हेल्मेट आग्नेलच्या तोंडावर बसलं, दात ओठातून आरपार गेला. कुणी शर्ट धरला, कुणी केस. "म्हातारचळ लागला का रे? पोरगी बघून अंगावर घालतो!" पोटात लाथ बसली. तो वाकला, तर पाठीत. त्याने हात वर केला नाही. चाफ्यावरून बूट फिरत होते आणि रक्ताच्या वासात चाफ्याचा वास मिसळत होता.

टँकरवाला खाली उतरला. "अरे चाचा, मी ब्रेक मारला होता की! गाडी उभी केली होती!"

"सोडा! मरेल तो!" हेलन लंगडत मध्ये घुसली. दोन ठोसे तिलाही लागले, तेव्हा गर्दी मागे सरली.

कोपरावर ओढणी गुंडाळून ती मुलगी जवळ आली. ज्ञानदा तिचं नाव, गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डावर लिहिलेलं. "काका, काय वाकडं केलं होतं मी तुमचं? मी नुसती थांबले होते."

आग्नेल तिच्या पायाकडे बघत राहिला. चप्पल निघालेला, धुळीने माखलेला डावा पाय.

शेवटची थप्पड हेलनची होती. मोडून जुळलेल्या हाडापर्यंत ती कळ गेली.

"एक घाई करून मेली," हेलन किंचाळली, "आता दुसऱ्याच्या लेकी मारायला निघालात?"

"तिला घाई नव्हती, हेलन."

फुटलेल्या ओठातून शब्द नीट येत नव्हते. गर्दीतल्या कुणीतरी "गप रे" म्हणत दुसऱ्याला थांबवलं.

"लाल होता. टँकर मागून येत होता, तिला आरशात दिसला. म्हणाली, पप्पा, हा थांबत नाही, मी काढते गाडी."

हेलनचा पुन्हा उगारलेला हात हवेतच राहिला.

"मी म्हणालो, लाल आहे, ॲनिशा. पाय टेकव."

त्याने रक्त गिळलं.

"तिनं टेकवला."