माझ्या जाळीतून वाफ आली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. माझा रंग पांढरा होता. आता त्याला पांढरा म्हणणे हे कौतुकच. गाडीला मान नसते, नाहीतर पुढची हकिकत सांगताना मी ती नक्की खाली घातली असती.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा तोरा काही और होता. माझे दार लागले की कसा भारदस्त आवाज यायचा! पहिल्या मालकांनी मला पुसून पुसून लाडावून ठेवले. पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि मी घरी केक करून विकणाऱ्या एका बाईंकडे आले. मागच्या सीटवर केकचे खोके बसू लागले. पुढे, बाईंच्या शेजारी, त्यांची लेक चिमणी. तिची अखंड बडबड ऐकली की हे लाडाचे नाव का पडले ते कळायचे. "गाडीच्या आधी तिचा वास येतो," असे लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचे.

बाईंचे एक गुपित फक्त मला ठाऊक होते. मोठ्या तापातून उठल्यापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. एकदा माझ्या डिकीत दूध सांडून नासले. चिमणी तेव्हा मामाकडे गेली होती. बाई काचा लावून खुशाल गाणे गुणगुणत फिरत होत्या. डिकी उघडली तेव्हा शेजारीण नाक दाबून घरात पळाली, आणि बाईंना कारण कळेना. केकवालीलाच वास येत नाही हे गिऱ्हाइकांना समजले तर कोण केक घेईल, या धास्तीने त्या कोणालाच काही बोलल्या नाहीत. खोका उघडून लेकीला विचारायच्या, "ओळख बरं, कसला वास?" पोरीला तो खेळ वाटायचा.

मग थंडी पडली, हीटर सुरू झाला आणि माझ्या डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीतून पांढरी वाफ येऊ लागली. माझ्या डॅशबोर्डच्या आत हीटरचा एक छोटा रेडिएटर आहे. इंजिन थंड ठेवणारे कूलंट तापून त्यातून फिरते, म्हणून तुम्हाला आत ऊब मिळते. तोच गंजून झिरपू लागला होता. कूलंटला गोडसर वास असतो.

"आई, गाडीत गोड गोड वास येतोय," चिमणी म्हणाली.

"केकचाच असेल गं."

मला ओरडावेसे वाटले. पण दुसऱ्याने हॉर्न दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

चिमणी शाळेत असताना बाई मला गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. गॅरेजवाले काका म्हणाले, "ताई, वाफेला वास कसला येतो? गोड असला तर कूलंट, जळका असला तर वायर, काहीच नसला तर नुसता एसीचा दमटपणा." त्यांनी स्वतः जाळीला नाक लावून पाहिले, पण मागे व्हॅनिलाचे खोके रचलेले आणि शेजारी एका गाडीला रंग मारणे चाललेले. त्यांना काही उमजेना. त्यांनी पुन्हा बाईंकडे पाहिले.

"कसलाच नाही," बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवला आणि एसीची पाणी जाणारी नळी साफ करून दिली.

त्याच आठवड्यात तीन मजली केक पोचवायचा होता. भर रहदारीत माझ्या जाळीतून वाफेचा लोट निघाला आणि समोरची काच आतून पांढरी झाली. बाईंनी बाहीने पुसली, तर तिच्यावर चिकट तवंग पसरला. चिमणी खोकू लागली. बाईंनी अंदाजानेच मला कडेला घेतले. माझे चाक फुटपाथवर चढले आणि दिव्याचा खांब थोडक्यात वाचला. कोणाला लागले नाही. केक मात्र आडवा झाला.

"मी सांगितलं होतं ना, गोड वास येतोय!" चिमणी रस्त्यात उभी राहून रडत म्हणाली.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जे लेकरू माझ्या भरवशावर पुढे बसले, त्याच्याच तोंडावर मी ती वाफ सोडली होती. बाईंचा चेहरा तर माझ्याहून पांढरा पडला होता.

दुसऱ्या गाडीने ओढत मला पुन्हा गॅरेजमध्ये नेले. काकांनी काही विचारायच्या आतच बाई बोलल्या. "मला वास येतच नाही हो. तापापासून. लाजेपायी खोटं बोलले."

चिमणी डोळे मोठे करून आईकडे बघत राहिली. काका खाली वाकले, पायाजवळचे मॅट त्यांनी दाबले. त्यांची बोटे ओली, चिकट झाली. "एवढंच सांगायचं होतं, ताई. नाक नाही तर हात होता की! मी मॅट चाचपलं असतं, कूलंटची बाटली पाहिली असती. पोरगी थोडक्यात वाचली."

बाई तिथेच माझ्या पायरीवर बसून रडल्या. चिमणी शेजारी जाऊन बसली. "म्हणून तू मला ओळखायला लावायचीस?" तिने विचारले. बाईंनी नुसती मान हलवली.

काकांनी माझा छोटा रेडिएटर बदलला. आता नव्या गिऱ्हाइकाला बाई आधीच सांगतात, "हात माझा, नाक लेकीचं." दोघी-तिघी गेल्या, हे खरे आहे. बाकीच्या राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या गाडीच्या जाळीतून वाफ आली तर गाडी आधी कडेला थांबवा, काचा उघडा, खाली उतरा. आणि गॅरेजवाल्याने विचारले तर जे कळत नाही ते कळत नाही म्हणून सांगा. मला तर तोंडच नव्हते. तुम्हाला आहे.

रोज निघताना चिमणी माझ्या जाळीला नाक लावते आणि मी श्वास रोखून धरते.

"आई, नुसता केकचा," ती म्हणते. मग आम्ही निघतो.