माईंचा तडकलेला टाळ

पौषातल्या दिवेलागणीला येडगावच्या कालव्यावरून गार वारा सुटला की दोन्ही काठांचा ऊस सळसळू लागतो, आणि त्या सळसळीतून मला अजूनही एक खरखरीत नाद ऐकू येतो. तो माईंचा टाळ. त्याला तडा गेलेला होता, त्यामुळे गोडवा असा नव्हताच. पातेल्यावरचं झाकण फरशीवर पडावं तसा तो वाजे. मुलांना कीर्तन-मृदंग शिकवणाऱ्या त्या छोट्याशा वारकरी पाठशाळेच्या फाटकाशी उभ्या राहून माई तो वाजवत, आणि गावातून माधुकरीच्या भाकरी मागून परतणारी मुलं उसामधल्या वाटेवरून आपापल्या टाळांनी त्यांना उत्तर देत. उत्तर आल्याशिवाय माईंचा हात थांबत नसे.

पाठशाळा माईंच्या यजमानांनी काढलेली. ते गेले, पाठशाळा माईंकडे आली, आणि तिच्यासोबत आली भीती. कृश देह, कपाळावर बुक्क्याचा पुसट ठिपका, आणि सतत काहीतरी ऐकत असल्यासारखी किंचित कललेली मान. उसात बिबट्याचा वावर होता; तिन्हीसांजेनंतर माई त्याचं नाव उच्चारत नसत, ‘त्यो’ म्हणत. गाव त्यांची थट्टा करी. वाळलेलं पान हललं तरी माई कंदील घेऊन धावतात, असं हसून सांगितलं जाई. मला मात्र त्या भित्रेपणाचा केवढा आधार होता! मी शिक्षिका, शाळा डिंभ्याच्या बाजूला, एसटीचा काही नेम नाही, नवरा टेम्पोवर. म्हणून मृदंगाचं वेड असलेला माझा ओंकार मी माईंच्या ओटीत टाकला होता. माझ्या वाटची काळजी त्या रोज करत होत्या.

मुलांचे टाळ घरोघरचे होते. कुणाचा आजोबांचा झिजलेला, कुणाचा जत्रेतला, कुणाचा जाड काठाचा. त्या कलकलाटात माईंना प्रत्येक लेकरू वेगळं ऐकू येई. संध्याप्रकाशात वाट दिसेनाशी झाली तरी चेहरे त्यांना नादातून दिसत असावेत. एखादा टाळ मंद वाजला, तर जेवताना त्या त्याच मुलाच्या शेजारी बसत. घरची आठवण आली का, कुणी मारलं का, पोट दुखतंय का, असं काही विचारत नसत. नुसत्या बसून राहत, आणि थोड्या वेळाने मूल आपणच बोलू लागे.

मग सप्ताहात एका दानशूर गृहस्थांनी सगळ्यांना एकाच घडणीचे नवे टाळ दिले. जुने ट्रंकेत गेले. गायन शिकवणारे बुवा हरखले. त्यांनी मुलांना असं घडवलं, की सगळ्यांचा मिळून एकच स्वच्छ ठोका पडावा. ज्याचा ठेका चुकेल त्याने टाळ थांबवायचा, इतरांचं बिघडवायचं नाही. मुलांवर बुवांचा जीव होता, आणि तो नाद खरोखर सुंदर होता.

अशाच एका संध्याकाळी मी ओंकारला भेटायला आले होते. एका घरी पूजा असल्याने मुलांना निघायला उशीर झालेला. आकाशाचा तांबूसपणा उसाच्या तुऱ्यांवर विझत होता आणि तो एकसंध नाद जवळ येत होता.

“माई, ऐका की,” बुवा कौतुकाने म्हणाले, “जणू एकच टाळ वाजतुया.”

“त्याचंच तर भ्या वाटतंय, बुवा. त्यातलं एक लेकरू कमी झालं, तर मला कसं कळायचं?”

मुलं फाटकातून आत आली. झोळ्या उतरल्या, भाकरींचा वास पसरला. ओंकार नव्हता.

बुवा बॅटरी आणायला धावले, पण माई तोवर वाटेला लागल्या होत्या, तडकलेला टाळ जिवाच्या आकांताने वाजवत. मी त्यांच्या मागे. दोन्हीकडे ऊस, मधे पांदीची चिंचोळी वाट, आणि डाव्या हाताला आमच्या चालीनेच काहीतरी सळसळत चाललेलं. वारा पडला होता. ती सळसळ आमच्यासोबत थांबे, आमच्यासोबत निघे.

कालव्याच्या वळणावर ओंकार उभा होता. टाळाच्या दोन्ही वाट्या त्याने छातीशी घट्ट दाबून धरल्या होत्या, चुकूनही वाजू नयेत म्हणून. पायात काटा मोडला, ठेका चुकला, बुवांनी सांगितलं तसा त्याने टाळ थांबवला, आणि काटा काढेपर्यंत रांग पुढे निघून गेली. हे सारं नंतर कळलं. ओरडायचंही त्याला सुचलं नव्हतं. माईंनी त्याला पोटाशी घेतलं.

“वाजव, बाळा. कसाबी वाजव. चुकला तरी वाजव.”

तो वाजवू लागला. बेताल, रडवेला, मोठ्यांदा. तेवढ्यात बुवांची बॅटरीही आली. डावीकडची सळसळ हळूहळू आत, दूर गेली. उसात काय होतं ते आम्ही कुणीच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुवांनीच ट्रंक उघडली आणि ज्याचा त्याला जुना टाळ दिला. “ज्याचा ठेका चुकंल त्यानं आता जास्त जोरात वाजवायचं,” एवढंच ते म्हणाले, आणि पाठ फिरवून डोळे पुसत राहिले.

माई जाऊनही आता वर्षं झाली. जाताना टाळ मला देऊन गेल्या. ‘बाई, तुमी भित्र्या हाय, तुमच्याकडं ऱ्हाऊंद्या,’ म्हणाल्या. ओंकार पुण्यात नोकरी करतो. रात्रपाळीला निघताना फोन करतो. एखाद्या संध्याकाळी त्याचा फोन येत नाही आणि मी केला तर तो उचलत नाही. मग माझ्या डाव्या हाताला ऊस सळसळू लागतो. मी दारात येते, अंधाराकडे तोंड करून तो खरखरीत टाळ वाजवते, शेजारी हसतात तरी वाजवते. माई गेल्या असं म्हणतात. पण दिवेलागणीला, बाहेर गेलेल्या लेकराचं उत्तर येईपर्यंत, त्यांचेच कान माझ्या देहात जागे असतात.