कोऱ्या टेपवरचं उत्तर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा काळा रंग आरशासारखा चमकत होता. स्पॅनिश शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं आणि वर्गातल्या खिडकीजवळच्या टेबलावर माझा सगळा जन्म गेला.

मित्रांनो, माझ्या टेपवर बाईंचाच आवाज आहे. "'पेरो' म्हणजे पण. 'सिनो' म्हणजेही पणच, मात्र आधी नकार हवा. हे नाही, तर ते." मग त्या अर्धंच वाक्य म्हणत, "नो एस रोहो, सिनो…" म्हणजे लाल नाही, तर… पुढे थोडी टेप कोरी. तिथे वर्गाने "असूल", म्हणजे निळा, असं म्हणायचं. सगळे माझं कौतुक करत.

पुढे बाई आजारपणात गेल्या. वर्ग बंद पडला, माझ्यावर धूळ साचली.

एका दुपारी त्यांची धाकटी बहीण आली. ती नर्स होती, परदेशातल्या नोकरीसाठी तिला स्पॅनिशची परीक्षा द्यायची होती. तिने मला फडक्याने पुसलं आणि बटण दाबलं.

"नो एस रोहो, सिनो…" बाई म्हणाल्या. बहीण शब्द आठवू लागली. तेवढ्यात कोऱ्या टेपवरून हळूच आलं, "नेग्रो." काळा.

मित्रांनो, माझ्या टेपवर काय काय आहे ते मला पाठ आहे. हे नव्हतं.

बहीण घाबरली नाही. उलट रोज येऊ लागली. परीक्षेचा अर्ज पर्समध्ये तसाच राहिला. एकदा कोरी जागा आली तशी ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "ताई, मला काही सुचत नाही गं. मी तिकडे जाऊ, की इथेच राहू?"

"नि लो ऊनो नि लो ओत्रो," बाई मायेने म्हणाल्या. हेही नाही, तेही नाही.

टेप संपली, बटण खटकन वर आलं, तेव्हा खुर्ची रिकामी होती. दाराला आतून कडी होती. संध्याकाळी तिच्या नवऱ्याने दार तोडलं. त्याला फक्त पर्स मिळाली.

आता तिथे नवे सर शिकवतात. बाई अर्धं वाक्य म्हणतात आणि कोऱ्या जागेत बहीण ते पूर्ण करते. सर वर्गाला सांगतात, "ऐका, या विद्यार्थिनीचे उच्चार किती स्वच्छ आहेत."

मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा, उन्हात ठेवू नका. आणि एकटे असाल तेव्हा मला नुसतं ऐका. काही विचारू नका.