माशाचे डोहाळे

२००४ साली इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्यातल्या माशांचा काचेचा टँक आला आणि अश्विनचं बाकी जगावरून लक्षच उडालं. अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की तो थेट टँकपुढे फतकल मारायचा. त्यातला नवा मासा दिवसभर वाळूचे बकाणे भरत बसायचा.

गावाहून राहायला आलेल्या विठाबाईनं, त्याच्या आईनं, काचेला नाक लावून निकाल दिला, "हिला दिवस गेल्यात. माती खायाचं डोहाळं हायेत हे."

अश्विन खो-खो हसला. "अगं आई, तो वाळू खात नाही, चाळतो! बारीक किडे तेवढे गिळतो आणि वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. मी रोज बघतो ना. माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

"आसं व्हय?" विठाबाईनं स्वयंपाकघराकडे हनुवटी उडवली. तिथे तिची सून संजना गालातल्या गालात हसत काहीतरी पाठीमागे लपवत होती. "मंग मासळीचं ऱ्हाऊ दे. तुझी बायको मी आल्यापासनं पाटीवरच्या पेन्सिली खातीय, ते दिसलं का तुला?"

अश्विननं आ वासला. त्यात वाळूचा चांगला मोठा बकाणा मावला असता.