मानव हक्की

कानडीत ‘हक्कु’ म्हणजे आपला हक्क आणि ‘हक्की’ म्हणजे पाखरू. दोहोंत फरक एका वेलांटीचा. चाळीस वर्षं निपाणीत दोन्ही भाषांतले बोर्ड रंगवणाऱ्या माणसाला एवढं कळत नसेल का? कळतं. लई चांगलं कळतं. पण त्या दिवशी तंबाखूचा हंगाम ऐन भरात होता, आणि हंगामात निपाणीत काय होतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. कावळा ‘काव’ म्हणायला चोच उघडतो आणि शिंकतो. फोटोतली माणसंसुद्धा डोळे चोळतात. तर नेमकी शेवटच्या अक्षराला मला शिंक आली आणि कुंचला खाली उकाराकडं जायचा तो वर वेलांटीवर गेला. ‘नम्म मानव हक्कु’, म्हणजे ‘आमचे मानवी हक्क’, असं लिहायचं होतं. झालं ‘नम्म मानव हक्की’. आमची माणूस-पाखरं.

फलक होता तानीबाईचा.

तानीबाई मारुतीरावांच्या विडीच्या शेडमध्ये विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालतात की एकदा त्या बोटांवर बसलेली माशीसुद्धा दोरा बांधून पुडक्यात गेली होती. शेडला वर पत्रा, चारी बाजूंनी भिंती, एक दार. खिडकी एकही नाही. आत चाळीस बायका. हवा इतकी कोंडलेली की मागच्या दिवाळीत कुणी दिलेली शिंक संक्रांतीपर्यंत आतच फिरत होती. जिच्या नाकाशी जाईल ती डोळे पुसायची.

तानीबाईला दोन वर्षांपासून खोकला. डॉक्टर म्हणाला, “औषध देतो, पण हवा मी कुठनं देऊ?” तेव्हापासून तिचा एकच धोशा. शेडला खिडकी पाहिजे. मारुतीरावांना विचारलं, तर ते म्हणाले, “खिडकी पाडली की वारं येनार, वाऱ्यानं पानं सुकनार, सुकल्या पानाची विडी फुटती. तुला एवढं कळत न्हाई व्हय, तानीबाई?” कचेरीत अर्ज दिला, तर तिथला साहेब म्हणाला, कानडीत आणा. कानडीत नेला, तर तोवर साहेब बदलला होता.

तिची नात पारमिता बेळगावात वकील. सुट्टीला आली की आजीला जगाच्या गोष्टी सांगायची. एकदा तिनं सांगितलं, “आज्जी, जगातल्या देशांनी मिळून कागदावर लिहून ठेवलंय, माणसाला काम करायची जागा नीट पाहिजे. तो हक्कच हाय प्रत्येकाचा.”

तानीबाईनं विडीचं तोंड मुडपलं आणि विचारलं, “सगळ्या देशांनी?”

“जवळजवळ सगळ्या.”

“आन् मारुतीरावाला कुनी कळवलं न्हाई?”

मग ठरलं असं. दहा डिसेंबरला, मानवी हक्कांच्या दिवशी, चाळीस बायकांनी फलक धरून शेडसमोर उभं राहायचं. पारमितानं फोटो काढून सोबत चार ओळी लिहायच्या आणि जगभर पाठवायचं. त्या दिवशी ती सकाळच्या बसनं उतरली, पटकन फोटो काढला, पाठवला आणि कोर्टाची तारीख आहे म्हणून तसाच परतीचा रस्ता धरला. फलक तिनं वाचला तो संकेश्वरच्या पुढं, बसमध्ये, फोनच्या पडद्यावर. तिथूनच मला फोन.

“अण्णा! काय केलासा हे? माझ्या आज्जीची चिमणी केलासा की!”

“शिंक आली, पोरी.”

“तुमच्या शिंकंनं आमचा अर्ज गेला! आता जग हसंल आमाला.”

फोन ठेवला तेव्हा माझे कान लाल झाले होते. डबा-कुंचला घेऊन तसाच तानीबाईकडं गेलो. म्हटलं, दुरुस्त करतो, फुकट करतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, दारातून बाहेर थुंकली आणि म्हणाली, “पेंटर, मानसाच्या अर्जाला दोन वर्सात कुनी उत्तर दिलं न्हाई. पाखराला कोन उत्तर देतंय ते तर बघू.”

उत्तर दीड महिन्यात आलं!

फोटो कुठून कुठं गेला देव जाणे. पण वाटेत कुठल्या तरी यंत्रानं फलकाचं आणि पारमिताच्या चार ओळींचं एकत्र भाषांतर केलं. ‘आमचे मानव-पक्षी. चाळीस. एका खोलीत. खिडकी नाही.’ ते वाचून लांबच्या एका थंड देशात पाखरांच्या निवाऱ्याची काळजी घेणारं जे मंडळ आहे, त्याची झोप उडाली. त्या देशाचं नाव मला पाठ होतं, पण उच्चारताना माझी कवळी निसटते, म्हणून सोडून देतो. मंडळाच्या बाईंनी पारमिताला लिहिलं की ही जात आमच्या पुस्तकात नाही, आणि अशा कोंडवाड्यात ती फार दिवस टिकायची नाही, म्हणून मी स्वतः येते. पारमितानं लगेच खरं काय ते कळवलं. पण बाई तोवर विमानात बसली होती.

बाईचं नाव हेल्गा. पारमितानं ओळख करून दिली तशा चाळीस बायका सुपात तोंड घालून हसायला लागल्या.

“हेलगा?” त्यांतली गुणाबाई म्हणाली. “आगं, एवढ्या गोऱ्या-गोमट्या बाईला रेडकू कुनी म्हनलं गं?”

“गप बसा की!” पारमिता ओरडली. “त्यांच्यात चांगलं नाव हाय ते.”

बाई होती सहा फूट. गळ्यात दुर्बीण, काखेत जाड पुस्तक, खिशात मापाची फीत. शेडच्या दारात उभी राहिली आणि पहिला श्वास घेतला मात्र, अठरा वेळा शिंकली. शेजारच्या पिंपळावरचे बगळे उडाले ते थेट कणकुंबीच्या जंगलात जाऊन उतरले, असं तिकडच्या माणसानं मला नंतर सांगितलं. डोळे पुसत बाईनं इंग्रजीत विचारलं, “पाखरं कुठं आहेत?”

पारमिता मान खाली घालून म्हणाली, “पाखरं नाहीत. एका अक्षराची चूक झाली. तुम्हाला कळवलं होतं, पण उशीर झाला. ही माणसं आहेत.”

आता संपलं, म्हटलं. बाई रागानं परत जाणार, पारमिता माझ्याशी जन्मात बोलणार नाही आणि तानीबाई खोकत बसणार. मी दाराआड सरकलो.

बाईनं फीत काढली. लांबी मोजली, रुंदी मोजली, डोकी मोजली. पुस्तक उघडलं आणि एका तक्त्यावर बोट ठेवलं. पारमिता समजावून सांगू लागली, “त्या म्हणतात, त्यांच्या मंडळाच्या नियमात कोंबडीला यापेक्षा जास्त जागा लागते. आणि उजेड. आणि दोन्ही बाजूंनी वारा.”

“कोंबडीला?” तानीबाईनं विचारलं.

“व्हय.”

“अंडी देनाऱ्या का कापायच्या?”

पारमितानं बाईला विचारून सांगितलं, “दोन्ही.”

शेडमध्ये चाळीस जणींचे हात थांबले. मारुतीरावांच्या शेडमध्ये असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्या शांततेनं म्हणे बाजारातला काटा हलायचा थांबला. बाई हळूच म्हणाली की तिला फार वाईट वाटतं, पण तिच्या मंडळाला फक्त पाखरांचं बघता येतं, माणसांचा तक्ता तिच्या पुस्तकात नाही.

“मग आमास्नी पाखरातच धर की, बाई,” तानीबाई म्हणाली. “फलकावर लिवलंयच. पेंटरनं कशाला कष्ट घेतल्यात?”

पारमितानं ते इंग्रजीत सांगितलं. बाई अशी हसली, अशी हसली, की दुर्बीण गळ्यात उड्या मारायला लागली. पिशवीतून तिनं पाखरांच्या निवाऱ्याच्या मालकानं सही करायचं एक छापील करारपत्र काढलं.

तेवढ्यात मारुतीराव आले. गोरी बाई आल्याची बातमी त्यांना लागली होती. येताना ते इस्त्रीची टोपी घालून, स्थानिक वार्ता दाखवणाऱ्या फोनवाल्या दोघांना बरोबर घेऊनच आले. पाखरांचं काहीतरी आंतरराष्ट्रीय आहे, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

“पाखरं ना? ठेवू की!” ते म्हणाले. “मला लहानपनापासनं पाखरांची लई आवड. काय पायजे पाखरांना?”

पारमितानं करारपत्र त्यांना अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. सावकाश, मराठीत. मी साक्षीला आहे, तिनं एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. ‘या छपराखाली ठेवलेल्या प्रत्येक जिवाला उजेड, मोकळी हवा आणि प्यायचं पाणी मिळेल. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना खिडक्या बसवण्यात येतील.’

“बसवू की! दोन कशाला, आठ बसवू!” मारुतीराव फोनच्या डोळ्यात बघत म्हणाले. “मुक्या जिवाला कोंडून घालनं आमच्या घराण्यात न्हाई.”

“वाऱ्यानं पानं सुकतील की, मालक,” तानीबाईनं काळजीनं सांगितलं.

“आगं, पानांवर वलं गोनपाट टाक. एवढं कळत न्हाई व्हय?”

“आता कळलं, मालक.”

मारुतीरावांनी सही केली. इंग्रजीत केली, खाली दोन रेघा मारल्या. बाईनं त्यांच्याशी हात मिळवला. फोनवाल्यांनी फोटो काढले. मग मारुतीराव इकडंतिकडं बघत म्हणाले, “आन् पाखरं कधी येनार?”

“आलीत की,” तानीबाई म्हणाली. “चाळीस. मी तर तुमच्या वडलांच्या वक्तापासनं हितंच बसून हाय.”

मारुतीरावांना ते समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात गुणाबाईच्या दहा विड्या वळून झाल्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पिवळा. “ही फसवनूक हाय! हे मानसांसाठी व्हय?”

“प्रत्येक जीव असं लिहिलंय, काका,” पारमिता म्हणाली. “तुम्ही माणसाला जिवात धरत नाही, असं खाली लिहून द्या. मी त्यांना इंग्रजीत सांगते. फोन चालूच आहेत.”

मारुतीरावांनी फोनवाल्यांकडं बघितलं. दारात जमलेल्या गल्लीकडं बघितलं. बगळ्यांनी मोकळ्या केलेल्या पिंपळाकडंसुद्धा बघितलं. मग टोपी सारखी करत म्हणाले, “मी न्हाई कुठं म्हनलंय? आठ म्हनलंय, आठच बसवनार. मारुतीरावाचा शब्द हाय.”

आणि पाळला त्यांनी. माणूस वाईट नाही. फक्त त्याला कुणी नीट वाचून दाखवलं नव्हतं. पंधरा दिवसांत गवंडी आला. पहिली खिडकी पाडली तेव्हा आतली कोंडलेली हवा इतक्या घाईनं बाहेर पडली की गवंड्याची टोपी स्तवनिधीच्या घाटात सापडली. पानांवर ओलं गोणपाट टाकलं. पानं सुकली नाहीत, विडी फुटली नाही. हेल्गाबाईनं परत गेल्यावर सगळी मापं एका कामगारांच्या मंडळाला पाठवली. तिथून पारमिताला पत्रं येतात, आणि आता दुसऱ्या चार शेडांतल्या बाया तिच्याकडं चकरा मारतात.

अडचण झाली ती एकाच गोष्टीची. पूर्वेच्या चार खिडक्या उघडल्या त्या नेमक्या मारुतीरावांच्या घराच्या मागच्या सोप्यासमोर, म्हणजे पडवीसमोर. मालक जेवून दुपारचे तिथं आरामखुर्चीत पडायचे, हे इतक्या वर्षांत कुणाला माहीतच नव्हतं. आता चाळीस जणी बघतात.

“मालक, हा तिसरा च्या झाला बरं का,” गुणाबाई आतून ओरडते. “डाक्टरनी साखर बंद सांगितलीया न्हवं?”

“कामं करा की गं!”

“हात कामातच हाईत, मालक. डोळे तेवढे मोकळे हाईत.”

परवा मी गेलो तेव्हा मारुतीराव माझ्यावरच घसरले. म्हणाले, “पेंटर, तुझ्यामुळं माझी दुपारची झोप गेली.” मी खिडकीतून आत डोकावलो. तानीबाई उजेडात बसली होती, सूप मांडीवर, पदर वाऱ्यानं हलत होता. मी पाव तास थांबलो; ती तेवढ्यात एकदाच खोकली, आणि तेही मालकाला हाक मारायला.

“मालक,” ती म्हणाली, “खुर्ची जरा डावीकडं घ्या की. वारं अडवालाय.”

मारुतीराव उठले, पुटपुटले, आणि खुर्ची डावीकडं घेतली.