खांद्यावरचे दोन डाग

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नऊ वर्षांच्या एका मुलीचा उजवा हात चार बोटं लांब झाला. टायरच्या दुकानामागच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसांनी ते पाहिलं. सर्वांत पुढे मुलीची आई होती. ती घरी शिवणकाम करायची.

हाडं बसवणारे दोरेबाबा आधी कोपराला तेल चोळत. मग चांगल्या हाताच्या मापाचा दोरा दुखऱ्या हाताच्या खांद्यावर अंगठ्याने दाबून बोटांपर्यंत धरत. कोपर सरळ होत नसल्याने दोरा बोटांपुढे चार बोटं लोंबे. मग एक हिसडा, मुलीची किंकाळी, पुन्हा तोच दोरा. आता टोक बरोबर नखावर.

"हाड रुसलं होतं," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी तारा घातल्या, तारा काढल्या. विचारपूस केली का कुणी?"

"टेपने मोजू का, बाबा?" आईने विचारलं.

"आकडे ऐकले की हाड बिथरतं, ताई."

लोक हसले. तीही हसली.

झोपाळ्यावरून पडून मुलीचा कोपर मोडला होता. ऑपरेशन झालं, हाड धरून ठेवणाऱ्या तारा चार आठवड्यांनी निघाल्या. "कोपर आखडलेला असणारच," डॉक्टर म्हणाले होते. "ती स्वतः हलवेल तेवढाच हलवायचा. ओढायचा नाही, चोळायचा नाही. काही महिने लागतील."

"महिने?" मोठी जाऊ म्हणाली. "बाबांकडे तीन मंगळवार."

हा तिसरा होता. संध्याकाळपर्यंत हात पुन्हा वाकडाच असे. बाबा म्हणत, घरात कुणीतरी संशय घेतो.

बुधवारी आईने मुलीचा फ्रॉक धुवायला घेतला. तिनेच शिवलेला. उजव्या खांद्यावर तेलाचे दोन डाग होते, अंगठ्याएवढे. एक बाहीच्या शिवणीवर. दुसरा चार बोटं आत, कॉलरकडे.

तिने दोन्ही डागांवर आपला अंगठा ठेवून पाहिला. मग तिने मुलीला हाक मारली आणि टेप काढली. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत डावा हात साठ सेंटिमीटर. उजवा साडेचोपन्न.

"मी खांदे मोजून पोट भरते," ती जावेला म्हणाली, "आणि मला त्याचा अंगठा सरकलेला दिसला नाही."

दुपारी ती मुलीला घेऊन दवाखान्यात गेली. फिजिओथेरपीच्या बाईंनी कोन मोजला. तारा काढल्या तेव्हा हात सरळ व्हायला पस्तीस अंश कमी पडत होते, आता पन्नास. एक्स-रेत कोपरापुढच्या स्नायूत पुसट पांढरी सावली होती.

"हिसड्यांनी स्नायूला इजा होते. तिथे कधीकधी हाड तयार व्हायला लागतं," बाई म्हणाल्या.

"मग बाकीच्यांची मुलं बरी कशी झाली?"

"मुलांचे कोपर बहुतेक वेळा आपोआप मोकळे होतात. मोड वाईट असेल, प्लास्टर लांबलं असेल, मूल मोठं असेल, तर उशीर लागतो. त्या उशिरात तो दुकान मांडून बसलाय."

पुढच्या मंगळवारी ती न धुतलेला फ्रॉक घेऊन हॉलमध्ये उभी राहिली. "जाऊबाई, हात पुढे करा. जरासा वाकवा." जावेच्या दुसऱ्या हाताच्या मापाचा दोरा तिने शिवणीवर धरला, टोक लोंबलं. अंगठा कॉलरकडे सरकवला. टोक नखावर आलं.

"झाला बरा. जाऊबाई, हात मोडला कधी होता?"

"नव्हताच मोडला," जाऊ खाली बघत म्हणाली. आईने फ्रॉकवरचे डाग बाबांपुढे धरले.

"तेल आपोआप पसरतं, ताई," बाबा म्हणाले.

"पसरलं असतं तर एकच मोठा डाग पडला असता. हे दोन अंगठे आहेत." तिने फ्रॉक वर धरला. "आपण सगळ्यांनी दोऱ्याचं टोक पाहिलं. सुरुवात कुणीच पाहिली नाही. माझ्या पोरीने त्याची किंमत दिली. तुम्ही मोजून घ्या, विचारून घ्या, मगच पोरांचा हात कुणाच्या हातात द्या."

अकराजण उठून गेले. बाकीचे बसून राहिले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने गळ्यातल्या पट्टीत हात अडकवलेल्या मुलाला आणखी जवळ ओढलं, पण ती उठली नाही.

आता मुलगी स्वतःच नळ उघडते, चेंडू टाकते, दुखलं की थांबते. कालचा कोन सेहेचाळीस. सावली वाढेल की विरेल, हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. पुढचा एक्स-रे सहा आठवड्यांनी आहे. शाळेच्या नव्या फ्रॉकची उजवी बाही आईने अजून कापलेली नाही.