अंगठ्याखालचे घोडेस्वार

त्या दिवशी रोमजवळच्या ऑस्टिया बंदरावर कोवळं ऊन पडलं होतं. रात्रभर घोंघावणारा वारा पडला होता आणि नदीच्या मुखावरचं धुकं हळूहळू विरत होतं. मला मुठीत घट्ट धरून नुमेरियस देवळाकडे निघाला होता.

मी रोमच्या टांकसाळीतलं चांदीचं नाणं बोलतोय. तापल्या चांदीवर हातोडा बसला आणि माझ्या एका अंगावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी उमटली. दुसऱ्या अंगावर कॅस्टर आणि पोलक्स, ते जुळे देव, भाले रोखून घोडे दौडवत निघालेले. वादळात खलाशी त्यांनाच हाका मारतात. काय तोरा होता माझा तेव्हा!

पुढे शिपायाच्या कमरेला राहिलो, खाटकाच्या गल्ल्यात राहिलो. झिजत झिजत आलो नुमेरियसकडे. तो दोरखंड वळायचा. त्याचा एकुलता एक मुलगा कैसो धान्याच्या गलबतावर गेला, आणि हिवाळ्याच्या वादळांनी समुद्रावरची ये-जा बंद झाली तरी परतला नाही.

नुमेरियसने मला समोर धरून त्या जुळ्या देवांना नवस केला, "पोराला सुखरूप आणा. हे दोन घोडेस्वार तुमच्या पायाशी वाहीन."

मग रोज चुलीपाशी बसून तो त्या घोडेस्वारांवरून अंगठा फिरवायचा. पुढ्यातलं मसुरीचं कढण निवून जायचं. खारे मासे विकणारी शेजारीण अफ्रानिया दारातूनच ओरडायची, "अहो, देवांना जरा श्वास घेऊ द्या! आणि तुम्ही दोन घास गिळा."

अंगठा कसला, खरखरीत दोरच तो. पण तेवढी माया माझ्यावर पुन्हा कुणी केली नाही.

वसंतात कैसो आला. वाळलेला, पण धडधाकट.

देवळाच्या पायरीवर नुमेरियसने डोक्यावरून वस्त्र घेतलं, मूठ उघडली आणि तो थिजलाच. माझी ती बाजू पार कोरी झाली होती.

"बाबा, दुसरं नाणं वाहू," कैसो म्हणाला.

"नवस बोललो ते हेच नाणं. आणि घोडेस्वार कबूल केले होते रे! शब्दाला कमी पडलो, तर देव तुला परत मागतील."

आज मी त्याच देवळाच्या तळघरात, नवसाच्या ढिगात पडून आहे. कधी कुणाच्या हाती लागलो, तर माझी कोरी बाजू बघून हळहळू नका. तिच्यावरून एकदा अंगठा तेवढा फिरवा.

त्या सकाळी देवळाच्या पायरीवर, बाजाराला जाता जाता थांबलेल्या अफ्रानियाने माशांची टोपली खाली ठेवली, मला उलटंपालटं करून पाहिलं आणि हसली.

"वेडे की काय तुम्ही! ते दोघे समुद्रावर गेले होते ना, तुमच्या कैसोला आणायला? मग नाण्यावर कसे सापडतील? ठेवा निर्धास्त. येतील इथे देवळात, आपल्या घरी."